सूर्याचें वजन किती मण?

सूर्याचें वजन किती, असें घरांतील एखाद्या मुलानें विचारलें तर पुस्तकांत आंकडा सांपडतो. परंतु तराजूवांचून तो मिळाला कसा, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

ग्रह सूर्याभोंवतीं आणि चंद्र पृथ्वीभोंवतीं किती अंतरावरून, किती काळांत फिरतो, एवढ्यावरून सूर्य पृथ्वीच्या कितीपट जड हें काढतां येतें. न्यूटननें हें गणित मांडलें. त्याच्या ग्रंथाच्या १७२६ च्या आवृत्तींत उत्तर १,६९,२८२ पट असें आहे. सूर्याचें अंतर तेव्हां नीट ठाऊक नसल्यामुळें तें निम्म्यावर राहिलें. खरा आंकडा सुमारें ३,३३,००० आहे.

पण हें केवळ गुणोत्तर झालें. पृथ्वीच किती मण, हें कळल्याशिवाय आकाशाचा हिशेब बाजाराच्या मापांत उतरत नाहीं. हा दुवा हेन्री कॅव्हेंडिशनें १७९८ सालीं जोडला. जॉन मिचेलनें योजिलेलें उपकरण मिचेलच्या मृत्यूनंतर त्याच्याकडे आलें होतें. तारेनें टांगलेल्या लांकडी दांडीच्या दोन्ही टोंकांना शिशाच्या लहान गोळ्या होत्या. त्यांच्याजवळ त्यानें ३४८ पौंडांचा एकेक गोळा आणला. हवेची झुळूक बाधूं नये म्हणून तो खोलीबाहेरून दुर्बिणीनें पाहत असे. दांडी किंचित् वळली. शिशाची ती ओढ पृथ्वीच्या ओढीशीं ताडून त्यानें पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट ठरविली. आजचा आंकडा ५.५१ आहे!

आतां मण घेऊं, पण कोणता? मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा. १८३३ सालीं कंपनी सरकारनें १८० ग्रेनचा तोळा धरल्यावर बंगाली मण ८२ पूर्णांक २/७ पौंडांचा झाला. या मणानें कॅव्हेंडिशचा मोठा गोळा सव्वाचार मण भरतो आणि पृथ्वी सुमारें १६ लक्ष परार्ध मण. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यें. मुंबईच्या मणानें तीच पृथ्वी ४७ लक्ष परार्ध मण होते. सूर्य मात्र दोन्ही हिशेबांत पृथ्वीच्या ३,३३,००० पटच राहतो.

१९५६ च्या कायद्यानें आपल्याकडे दशमान पद्धति आली आणि मणशेर मागें पडले. पण हा दुवा आजहि तोच आहे. सूर्याची ओढ ज्योतिषी नऊ अंकांपर्यंत अचूक जाणतात. तिचें किलोग्रॅम करावयाचे म्हणजे गुरुत्वाचा स्थिरांक हवा, आणि तो चार-पांच अंकांपलीकडे भरंवशाचा नाहीं. तेव्हां सूर्याच्या वजनाचा लांबलचक आंकडा दिसला, तर पहिल्या चार अंकांवर विश्वास ठेवावा आणि बाकीचे कोठून आले तें विचारावें.