केळझरची पोरं आणि डॉक्टरकीचं दार



आमच्या केळझरला येणारा पाहुणा टेकडीवरच्या सिद्धिविनायकाचं दर्शन घेतो, भीमाने बकासुर मारला ती एकचक्रानगरी हीच असं ऐकतो आणि नागपूर-वर्धा रस्त्याने पुढे निघून जातो. या गावातली बौद्ध पोरं डॉक्टर व्हायला निघाली तर त्यांच्या वाटेत काय काय येतं, हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून आज तो इतिहास मांडतो.

निमित्त साधंच आहे. आमच्या अभ्यासिकेत नीटची तयारी करणारी एक मुलगी परवा रडत आली. शिकवणीतल्या सरांनी भर वर्गात तिला म्हटलं होतं, "तुला कशाला टेन्शन, तुमचं तर कमी मार्कातही होतं." आम्ही तिला पाणी दिलं आणि म्हटलं, बस. तुझी ही जागा कोणाच्या मेहरबानीची आहे का, ते आधी पाहू.

२९ ऑक्टोबर १९४२ ला बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात शिक्षणाबद्दल त्यांनी स्पष्टच मांडलं होतं की नुसतं कला आणि कायद्याचं शिक्षण आपल्या समाजाच्या फारसं उपयोगाचं नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं वरच्या दर्जाचं शिक्षण हवं. ते खर्चिक असतं, गरिबाच्या आवाक्याबाहेर असतं, म्हणून त्याचा भार सरकारने उचलावा. त्यातूनच पुढे अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस पोरांना सांगतो की सगळेच वकील होऊ नका! आपण जयंतीच्या भाषणात घटना सांगतो, गोलमेज सांगतो, पण हे निवेदन सहसा सांगत नाही.

दार उघडलं तसं ते लावायलाही लोक धावले. मद्रास प्रांतात मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जागा जातवार वाटल्या जात. दर १४ जागांत ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २ आणि उरलेल्या २ जागा ख्रिश्चन-अँग्लो इंडियन व मुसलमानांना. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण बाईंनी याविरुद्ध कोर्टात दाद मागितली. गंमत म्हणजे त्यांनी मेडिकलला प्रवेशाचा अर्जच केला नव्हता. तरी ९ एप्रिल १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी घटनाबाह्य ठरवली. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. त्याच वर्षी जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५(४) आलं. म्हणजे शिक्षणातलं आरक्षण आज ज्या कलमावर उभं आहे, त्याच्या मुळाशी मेडिकल कॉलेजच्या जागांचं भांडण आहे. सरांना हे ठाऊक नसेल, पण आमच्या मुलीला ठाऊक असायला हवं.

मग १४ ऑक्टोबर १९५६. दीक्षाभूमी आमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर. बुद्धाला शरण गेलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी काय राहिलं? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीचा नाही. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राचं दार उघडलं ते थेट १९९० ला, व्ही. पी. सिंगांच्या काळात. मधल्या ३४ वर्षांत दिल्लीच्या एम्ससारख्या केंद्रीय संस्थेत राखीव जागा हवी असेल, तर बौद्ध पोराला कागदावर हिंदू महार राहावं लागे. अनेक बापांनी शाळेच्या दाखल्यावर तसंच लिहिलं. त्यांना कच्चे बौद्ध म्हणणाऱ्यांशी आमचं जमत नाही. एका दाखल्यात पोराचं भविष्य आणि धम्म यांतलं एकच निवडायला त्यांना कोणी लावलं, हा खरा प्रश्न आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. १९६९ मध्ये, गांधी शताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. नीट येईपर्यंत तिथली प्रवेश परीक्षा वेगळी असे आणि तिच्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या जोडीला गांधी विचारांचाही पेपर असे. पुणे करार ऐकत मोठं झालेल्या पोराने गांधींवर पेपर लिहायचा! आमच्या ओळखीच्या काहींनी तो लिहिला. ते सांगतात, दिवसा गांधी आणि रात्री बाबासाहेब, दोन्ही वाचून दोघांतला फरक जास्त पक्का कळला. सेवाग्रामच्या दवाखान्याचा आपल्या गोरगरिबांना मोठा आधार आहे, हेही आम्ही नाकारत नाही. पण फुले-आंबेडकरांच्या विचारांचा पेपर कुठल्या मेडिकल कॉलेजने घेतला असता का, एवढं विचारायचा हक्क आम्हाला आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात रोगी पोचवता पोचवता सावित्रीमाई गेल्या. सेवेचा धडा द्यायला तेवढं पुरे होतं.

२०१६ पासून नीट आलं. ७२० गुण, त्यातले ३६० जीवशास्त्राचे, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. पेपर पुढच्या वर्षापासून मराठीतही मिळू लागला, पण प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकांवरचे आणि शिकवण्या नागपुरात, लाखाच्या भाषेत बोलणाऱ्या. १७६ वर्षं नव्हे, तीनच पिढ्यांपूर्वी पाटी हातात आलेल्या घरातली पोरगी या शर्यतीत उतरते तेव्हा तिच्या गुणांचं मोल वेगळं धरावं लागतं. आणि आत गेल्यावरही सुटका नाही. नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला गेल्या. प्रवेशाची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलीला आम्ही त्यांची गोष्ट सांगतो, घाबरवायला नव्हे. एकटं राहू नको, त्रास झाला तर पहिल्या दिवशी लेखी तक्रार कर, हे सांगायला.

अभ्यासाइतकंच कागदांचं काम मोठं आहे. निकालानंतर जात वैधता प्रमाणपत्रासाठी धावपळ सुरू होते आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तेव्हा आजोबांच्या शाळेचा दाखल खारीज उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधावी लागते. म्हणून अकरावीतच फाईल तयार करा, बारावीची वाट पाहू नका.

त्या मुलीच्या फाईलमध्ये एक कागद कमी आहे. तिच्या पणजोबांच्या जन्माची नोंद. सोमवारी तिच्या वडिलांना घेऊन आम्ही सेलूच्या तहसीलला जात आहोत. कोणाला तीच नक्कल काढायची असेल तर सकाळी साडेनऊला बसस्टँडवर या.