सवयी घडविणारी संगणकप्रणाली : एक ऐतिहासिक मागोवा

पर्यावरणरक्षणाचा विचार प्रामुख्याने कायदा व प्रबोधन या दोन अंगांनी होत आला आहे. दैनंदिन सवयी बदलण्यासाठी संगणकप्रणालीचा उपयोग, हे त्याचे तिसरे अंग होय. प्रस्तुत लेखात ऊर्जाबचतीच्या संदर्भात या अंगाचा मागोवा घेतला आहे.

या विचाराचे मूळ संगणकाच्या प्रसारापूर्वीचे आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतरच्या काळात अमेरिकेतील ट्विन रिव्हर्स येथे काही कुटुंबांना त्यांच्या वीजवापराची माहिती वरचेवर कळविण्यात आली. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचा वापर इतरांपेक्षा १०.५ टक्क्यांनी कमी आढळला. आकडा वेळेवर दिसला तर वर्तन बदलते, हे सूत्र येथून मिळाले. १९९२ मधील 'एनर्जी स्टार' योजनेची दिशा मात्र वेगळी होती. वापर नसताना संगणक आपोआप निद्रावस्थेत जाऊ लागला. वापरकर्त्याच्या सवयीवर ही बचत अवलंबून राहिली नाही.

२००३ मध्ये बी. जे. फॉग यांच्या ग्रंथाने मनवळवणी करणाऱ्या तंत्रज्ञानाला शास्त्रीय बैठक दिली. परंतु २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका प्रयोगाने सावधगिरीचा इशारा दिला. शेजाऱ्यांचा सरासरी वापर कळल्यावर अधिक वीज वापरणाऱ्यांनी काटकसर केली. कमी वापरणाऱ्यांनी मात्र वापर वाढविला. आकड्याशेजारी हसरा चेहरा रेखाटताच ही वाढ थांबली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ओपॉवर कंपनीने शेजाऱ्यांशी तुलनेचे हे तत्त्व व्यापक प्रमाणावर राबविले. सुमारे सहा लाख कुटुंबांच्या २०११ मधील अभ्यासात सरासरी बचत दोन टक्के आढळली. गूगलची 'पॉवरमीटर' ही सेवा २००९ मध्ये आली आणि २०११ मध्ये बंदही झाली.

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. केवळ माहिती पुरेशी नाही, तिला सामाजिक मान्यतेची जोड लागते. खासगी सेवेवर आधारलेली सवय त्या सेवेइतकीच अल्पायुषी ठरण्याचा धोका असतो. आणि दोन टक्क्यांची बचत ही स्वागतार्ह असली, तरी कार्यक्षम उपकरणे व सार्वजनिक धोरण यांना ती पर्याय ठरू शकत नाही. महाविद्यालयांतून आज विद्यार्थी अशा प्रणाली प्रकल्प म्हणून तयार करतात. यंत्राने स्वतःहून काय करावे, हे त्यांनी प्रथम ठरवावे. उरलेलेच माणसाकडे मागावे. अन्यथा व्यवस्थेची जबाबदारी गृहस्थाच्या माथी मारण्याचे ते एक सोज्ज्वळ साधन ठरेल.