राख न ठेवणारा विस्तव

गेल्या उरुसातली गोष्ट. धाराशिवला ख्वाजा शमसोद्दीन गाजी यांच्या दर्ग्याचा उरूस भरला की माझा भाचा सीख कबाबाची गाडी लावतो. त्या दिवसांत गर्दी अशी की गाडी पहाटेपर्यंत थंड होत नाही. चौथ्या रात्री त्याने गॅस सोडला, काडी लावली. जाळीखालच्या बर्नरने एका टोकाला पेट घेतला, दुसरे टोक मात्र गारच राहिले. काय झाले म्हणून तो वाकून बघायला गेला, तेवढ्यात आत साचलेला गॅस भपकन पेटला. भुवया जळाल्या, उजव्या हातावर फोड आले. डोळे वाचले, ही अल्लाहची मेहेरबानी.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. गाडी अंगणात उभी होती. जाळीवर काळा, चिकट थर बोटभर चढला होता. बर्नरची अर्धी भोके बुजली होती. खालच्या पत्र्याच्या तबकात चरबी गोठून डांबरासारखी झाली होती. भाचा म्हणाला, "मामू, हे भंगारात घालतो. उसनेपासने करून नवी शेगडी घेतो." मी म्हटले, "नवी घेशील, पण पुढच्या उरुसात तीही अशीच होईल. आधी ही साफ करून बघू."

बोलून तर गेलो, पण मनात एक प्रश्न आला. माझे अब्बाही जत्रेत, उरुसात सीख कबाब लावायचे. त्यांची शेगडी कोळशाची होती. तीस वर्षे तीच शेगडी, त्याच सळया. त्यांच्या लोखंडावर असा थर मी कधी पाहिला नाही. असे का असावे?

कबाब ही आपल्या मुलखाला नवी गोष्ट नाही. उमरग्याच्या पुढे सीमा ओलांडली की बसवकल्याण लागते. ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. आपला हा भागही त्यांच्याच राज्यात होता. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावे, काय ल्यावे, कसे रमावे, सगळे त्यात आहे. मांसाचे तुकडे मसाला लावून, सळईवर ओवून निखाऱ्यावर भाजायची रीतही त्यात आहे. पुढे माळव्यात, मांडूच्या सुलतानांच्या 'नेमतनामा' या सचित्र पोथीत कबाबांच्या कृती आल्या. म्हणजे राजे बदलले, भाषा बदलली, निखारा आणि सळई तीच राहिली. आमच्याकडची काळी उस्मानाबादी शेळी तर मटणासाठी देशभर ओळखली जाते. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये कागदोपत्री बदलले, शेळीचे मात्र उस्मानाबादीच राहिले.

या पोथ्यांमध्ये मसाल्याचा शोध लागतो, सळया दुसऱ्या दिवशी कोणी आणि कशाने घासल्या याचा लागत नाही. आमच्या घरापुरते त्याचे उत्तर मला माहीत आहे. सळया अम्मा घासायची, राखुंडीने.

अब्बा रात्री उशिरा परत यायचे. शेगडीतली राख अम्मा सकाळी चाळून पत्र्याच्या डब्यात भरायची. आम्ही पोरे ती उकिरड्यावर टाकायला निघालो की ओरडायची, "राख नक्को फेकू!" दखनी बोलीतला हा 'नक्को' मराठीच्या 'नको'चाच भाऊ. डब्यात दोन तऱ्हेची राख असे. बाभळीच्या कोळशाची आणि गोवऱ्यांची. सळया अजून कोमट असतानाच ती नारळाच्या काथ्यावर राख घ्यायची, पाण्याचे चार थेंब शिंपडायची आणि घासत बसायची. शेजारच्या काकूंच्या घरी मटण शिजत नव्हते, पण दुधाची करपलेली पातेली त्याही राखेनेच घासायच्या. अम्माची राख संपली की त्यांच्याकडून यायची, त्यांची संपली की आमच्याकडून जायची. चूल कोणाचीही असो, राखेला सोवळे नव्हते.

या राखेत होते तरी काय? गोवरीच्या राखेत वाळूचे अतिशय बारीक कण असतात, त्यांनी लोखंड घासले जाते. लाकडाच्या राखेत खार असतो. राख पाण्यात कालवली की तो खार पाण्यात उतरतो, चरबीला धरतो, आणि त्या चरबीचा काही भाग साबणासारखा होऊन पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे सळईवरचा साबण अम्मा सळईवरच तयार करत होती. तिला रसायनशास्त्र येत नव्हते, पण रसायनशास्त्राला राखेची ओळख जुनी आहे. विज्ञानाच्या पुस्तकात आपण 'अल्कली' हा शब्द वाचतो. तो अरबीतल्या 'अल-कली' वरून आला. कली म्हणजे खाऱ्या झुडपांची राख. इंग्रजीत भांड्यातल्या राखेला 'पॉटॅश' म्हणत. हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८०७ मध्ये पॉटॅशमधून नवा धातू वेगळा काढला, तेव्हा त्याचे नावच 'पोटॅशियम' ठेवले.

आपल्याकडे खार जमिनीतूनही मिळत होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या खाऱ्या सरोवराचा उल्लेख अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे. काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ तिथे मिळतात, अशी नोंद अबुल फजल करतो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस साबण आपल्याला माहीत होता. पण भांड्यांसाठी तो कोण वापरणार? राख घरची, फुकटची. पुढे १९१८ च्या सुमारास गोदरेजसारखे देशी साबण-कारखाने उभे राहिले, कितीतरी नंतर भांड्यांच्या पावडरी आणि वड्या आल्या. तोवर गरिबाच्या आणि श्रीमंताच्या मोरीत एकच राखुंडी होती.

आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्याच्या माणसाला सांगावी लागत नाही. राखेला पाणी कमी लागते. १९७२ च्या दुष्काळात मी अम्माच्या मांडीवर होतो. ती सांगायची, तेव्हा भांडी कोरड्या राखेने घासून नुसती फडक्याने पुसून ठेवायचे. पाणी प्यायलाच मिळत नव्हते, धुवायचे कुठून? २०१६ मध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तर आपण सगळ्यांनी पाहिले. साबणाचा फेस काढायला बादलीभर पाणी जाते. राखेचे काम तांब्याभर पाण्यात होते.

मग गॅस आला. मुंबईत बर्मा शेलने १९५५ मध्ये स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली. इंडियन ऑइलची पहिली इंडेन जोडणी १९६५ मध्ये कलकत्त्यात दिली गेली. आमच्यासारख्या जिल्ह्यांत तो हळूहळू झिरपला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यातल्या चुलीशेजारीही सिलिंडर दिसू लागला. धुराने आयाबहिणींचे डोळे आणि छातीचे भाते गेले होते. त्यांच्यासाठी गॅस ही मोठीच गोष्ट झाली. चूल परत आणा, असे मी कधीही म्हणणार नाही. धुरात खोकणारी अम्मा मी पाहिली आहे.

पण गॅस जळतो तेव्हा वाफ होते, वायू होतो, राख होत नाही. हजारो वर्षे विस्तव स्वतःच्याच पोटातून घासायचे साधन देत होता. हा पहिला विस्तव असा, की जो काळे करतो पण पुसायला काही ठेवत नाही. भाच्याच्या अंगणात जाळीसमोर उकिडवा बसलो तेव्हा मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. अब्बांच्या शेगडीत कबाबाची चरबी ठिबकायची ती निखाऱ्यावर, आणि जळून जायची. उरले ते राखेबरोबर सकाळी बाहेर. कोळसा रोज नवा होता. बर्नर मात्र रोज तोच असतो. कालची चरबी त्यावर आजही असते, परवाची तिच्याखाली असते. शेगडी बदलली, सफाईची रीत बदलायची राहून गेली.

मग आम्ही मामा-भाचे कामाला लागलो. कोणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आधी रेग्युलेटर बंद करून सिलिंडर वेगळा काढला, लांब नेऊन ठेवला. जाळी सोडवली. पत्र्याच्या उलथन्याने आणि नारळाच्या करवंटीने जाड थर खरवडला. मग कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून जाळी रात्रभर बुडवून ठेवली. हा सोडा म्हणजे राखेतल्या खाराचाच सख्खा भाऊ. अॅल्युमिनियमच्या भांड्याला मात्र तो चालत नाही, धातू खातो. आमची जाळी लोखंडाची, तिला चालला. हातात रबरी मोजे घातले. अम्माला ते कधी मिळाले नाहीत. थंडीत तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, त्यात राखेचा खार झोंबायचा.

सकाळी थर मऊ झाला होता. घासायला मी काथ्याच घेतला. भाच्याकडे तारेचा ब्रश होता, तो मी बाजूला ठेवायला सांगितला. जुन्या ब्रशच्या तारा तुटून जाळीला चिकटतात, तिथून घासात आणि घासातून पोटात जातात. अमेरिकेत घरोघरी अंगणात अशा जाळ्या असतात. तारा गिळल्यामुळे इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यातल्या काहींच्या आतड्याला भोक पडले होते. गिऱ्हाईक आपल्या विश्वासावर खाते, हे अब्बांचे वाक्य मी भाच्याला ऐकवले.

मग बर्नर. बारीक तारेने एकेक भोक मोकळे केले, मोठे होऊ न देता. बर्नर जिथून हवा घेतो त्या नळीच्या तोंडात मातीचा गोळा निघाला. कुंभारीण माशीने तिथे घर बांधले होते! वर्षभर गाडी उभी, तिला बिचारीला काय ठाऊक? एकीकडे माती, दुसरीकडे चरबी; गॅस वाट मिळेल तिथे निघाला. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खालीच साचून राहिला. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. पण मसाल्याच्या धुरात तो नाकाला कळला नाही. पेट घेतला नाही तर लगेच गॅस बंद करायचा, हवा खेळू द्यायची, वाकून बघायचे नाही, हे भाचा आता शिकला. शिकण्याची फी त्याने हातावर भरली.

सगळे धुऊन, उन्हात वाळवून, जाळीला बोटभर तेलाचा हात फिरवला, म्हणजे गंज धरत नाही. नळी जोडल्यावर सांध्यांना साबणाचा फेस लावून बघितला. बुडबुडा आला नाही. मगच काडी लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी ज्योत उभी राहिली. पिवळी ज्योत दिसली की समजावे, कुठेतरी वाट अडली आहे.

भाच्याची बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मामू, तुमच्या हाताने जाळी घासलेली पहिल्यांदाच बघते." ती हसत होती, पण मला लागायचे ते लागले. मी आगीवर, निखाऱ्यावर, राखेवर कविता लिहिल्या. मुशायऱ्यात वाहवा घेतली. अब्बांच्या कबाबांची चव आजही म्हातारी माणसे मला थांबवून सांगतात. अम्माने घासलेल्या सळयांबद्दल आजवर एकानेही काही म्हटले नाही. मीही म्हटले नव्हते. पन्नाशी ओलांडल्यावर तिचे काम मी एकदा, फक्त एकदा केले, तर दोन दिवस खांदे दुखत होते.

यंदा भाच्याने एक नियम केला आहे. गाडी बंद झाली की जाळी कोमट असतानाच घासायची, तबक रोज रिकामे करायचे, आणि ते त्याने स्वतः करायचे, बायकोवर टाकायचे नाही. गाडीच्या खालच्या कप्प्यात त्याने पत्र्याचा एक डबा ठेवला आहे. गावाकडच्या चुलीची राख तो त्यात भरून आणतो. परवा मी त्याच्या गाडीवर उभा होतो. गाडी पुसणाऱ्या पोराने डबा उघडला, नाक मुरडले आणि तो रिकामा करायला निघाला.

भाचा आतून ओरडला, "राख नक्को फेकू!"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)