भेग ओळखणारे यंत्र

रस्त्याला पडलेली भेग किरकोळ वाटते. पण तिच्यातून पाणी झिरपते, खालचा थर मऊ पडतो, वरून अवजड वाहने जातात आणि भेगेचा खड्डा होतो. म्हणून भेग वेळीच बुजवावी लागते, तीही वाहत्या रहदारीलगत उभे राहून. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागाचे १८० हून अधिक कर्मचारी १९२१ पासून कामावर असताना मृत्युमुखी पडले आहेत.

नवा रस्ता बांधण्याचे काम यंत्राने त्यामानाने लवकर आत्मसात केले. कडेला साचे न लावता काँक्रीटचा सलग पट्टा अंथरत जाणारे यंत्र अमेरिकेतील आयोवा राज्यात १९४९ साली रस्त्यावर उतरले. पुढे कडेच्या ताणलेल्या तारेचा मागोवा घेऊन अशी यंत्रे आपली उंची व दिशा स्वतःच राखू लागली. नवा रस्ता आराखड्याबरहुकूम असतो, म्हणून हे जमले. भेग मात्र कोणत्याच आराखड्यात नसते!

अमेरिकेत १९८७ साली महामार्ग संशोधनाचा पाच वर्षांचा, १५ कोटी डॉलर खर्चाचा कार्यक्रम मंजूर झाला. त्याअंतर्गत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अभियंत्यांनी राज्याच्या महामार्ग विभागाबरोबर भेगा बुजवणारे स्वयंचलित यंत्र तयार केले. ट्रकच्या पुढचा कॅमेरा रस्त्याची प्रतिमा घेई, संगणक तिच्यातील गडद रेषा शोधी. ट्रक किती पुढे सरकला हे चाकांच्या फेऱ्यांवरून कळे. त्यानुसार मागचा यांत्रिक हात नेमक्या जागी पोहोचे. पण तेलाचा डागही गडदच दिसतो. मग भेग कोणती? यासाठी लेसरने खोली तपासणारा दुसरा संवेदक जोडावा लागला. डाग काळा असला तरी खोल नसतो.

वेड्यावाकड्या भेगांसाठी एवढा खटाटोप लागला. रस्ता आणि साइडपट्टी यांमधली भेग मात्र जवळजवळ सरळ असते. तिच्यासाठी याच अभियंत्यांनी वेगळे, साधे यंत्र बनवले. काम चालू असताना रहदारी अडवणारे नारिंगी शंकू मांडणारा आणि उचलणारा ट्रकही त्यांनी तयार केला. पूर्वी हे शंकू ट्रकच्या कडेला उघड्यावर बसून हाताने ठेवावे लागत. या साऱ्या खटपटीचा एक मोठा उद्देश साधा होता: माणूस रहदारीतून उठून ट्रकच्या आत बसावा.

वर्गात एक प्रयोग करता येईल. शाळेसमोरच्या रस्त्यावरील भेग, डाग आणि झाडाची सावली यांची छायाचित्रे मुलांना दाखवा. यातली भेग कोणती, आणि ती कशावरून ओळखली, असे विचारा. पहिले उत्तर चटकन येईल. दुसऱ्यासाठी मुलांना थांबावे लागेल, आणि अभियंत्यांना नेमके तिथेच थांबावे लागले होते.