परीक्षा सवलती, विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांच्या (सीवूड्स, नवी मुंबई)

दिव्यांग व अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना मंडळाच्या परीक्षांत मिळणारा वाढीव वेळ, लेखनिक, विषयबदल आदी सोयी. सीवूड्समधील राज्य मंडळाच्या शाळा मुंबई विभागीय मंडळाच्या कक्षेत येतात. त्याचे कार्यालय वाशीला आहे. सीबीएसई व आयसीएसई शाळांना आपापल्या मंडळांचे नियम लागू होतात.

दृष्टिहीनांसाठी लेखनिक दिला जातो.

अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्ध्यांक सामान्य असूनही वाचन, लेखन किंवा गणितात मूल अडखळणे. अशा मुलांना महाराष्ट्रात 1996 पासून दहावीला सवलती मिळू लागल्या. वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व कार्यानुभव हे त्यांचे सुरुवातीचे स्वरूप. पुढे बारावी आणि खालच्या इयत्तांनाही त्या लागू झाल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला 21 दिव्यांगत्वांत स्थान दिले; कलम 17 मध्ये वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेसाठी तासाला किमान 20 मिनिटांचा भरपाई वेळ सांगितला आहे. लेखनिकाची गरज असलेल्यांना 40 टक्के दिव्यांगत्वाची अट पूर्ण होत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी ठरवले. तो खटला शाळेचा नव्हता, नागरी सेवा परीक्षेचा होता.

सवलतीची खरी किल्ली प्रमाणपत्रात आहे. मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक, तर विशेष शिक्षक वाचन-लेखन-गणिताची पातळी तपासतात. इयत्तेपेक्षा सुमारे दोन वर्षांची पीछेहाट हा रुळलेला निकष. हे काम मुंबई भागात दीर्घकाळ सार्वजनिक रुग्णालयांच्या चिकित्सालयांनी, विशेषतः शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाने केले. सीवूड्सहून तिथे जायचे तर हार्बर मार्गाने कुर्ला आणि तिथून गाडी बदलून शीव; तपासणी एका फेरीत संपत नाही. त्यापेक्षा जवळ, वाशीला, नवी मुंबई महापालिकेचे ईटीसी हे दिव्यांगांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे.

चाचणीची भाषा हा दुर्लक्षित राहिलेला भाग. बहुतेक प्रमाणित चाचण्या आधी इंग्रजीत होत्या, त्यामुळे निदानाचा लाभ इंग्रजी माध्यमाच्या मुलांना सहज मिळाला. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये आणलेल्या ‘डाली’ चाचणीत हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीही आहे.