माशेलच्या चिखलात

साल 1950. आषाढी एकादशीची रात्र सरून द्वादशी उजाडली आहे. गोव्यातल्या माशेल गावी, देवकीकृष्णाच्या देवळात तुम्ही खांबाला टेकून उभे आहात. कालपासून अखंड चाललेल्या भजनाने गाणाऱ्यांचे गळे बसलेत, पण टाळ थांबलेले नाहीत. अभंग मराठी, हाका कोकणी, आणि राज्य पोर्तुगिजांचं. बाहेर पाऊस असा लागलाय की देवळासमोरच्या मैदानाची माती कधीच विरघळून गेली आहे.

सदरा काढा. लाजू नका, इथे सगळेच उघडे आहेत. "आंगाक तेल लाय रे!" असं म्हणत एक पोरगा तुमच्या पाठीवर तेलाचा हात फिरवतो. तेलामुळे चिखल नंतर लवकर सुटतो, आणि आता, खेळताना, तुम्ही कोणाच्या हाती लागत नाही. देवाला नमस्कार करा आणि पायऱ्या उतरा.

पहिलं पाऊल घोट्यापर्यंत जातं, दुसरं पोटरीपर्यंत. तिसरं टाकायच्या आत मागून कोणीतरी पाय ओढतो आणि तुम्ही सपशेल आडवे. झालं, आता घाबरण्यासारखं काही उरलं नाही.

आंधळी कोशिंबीर सुरू होते आणि डोळ्यांवर पट्टी तुमच्याच. अंगणात हा खेळ तुम्ही शंभरदा खेळला असाल, पण इथे त्याची तऱ्हाच वेगळी. पावलांचा आवाज येत नाही, नुसतं पचपच. हाताला दंड लागतो आणि सुळकन निसटतो. पुन्हा लागतो, पुन्हा निसटतो. शेवटी एकाची मान काखेत दाबून धरता, पट्टी सरकवता, तर समोर चिखलाचा एक गोळा दात काढून हसतोय. नाव काय सांगणार? डोळे उघडे असून तुम्ही आंधळेच. भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, मुलगा कोणता आणि त्याच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराचा कोणता, हे या क्षणी त्यांच्या आयांनाही सांगता यायचं नाही. पण चिखलाने सगळे भेद पुसले वगैरे मनात आणू नका. अंग धुतलं की देवळाचे मानकरी महाजन पुन्हा महाजन होतात, आणि देवळात कोणी कुठवर जायचं याच्या रेषा जिथल्या तिथे असतात.

पलीकडे चेंडूफळी रंगली आहे. लाकडी फळीने चेंडू टोलवायचा, एवढाच खेळ. चेंडू चिखलात रुतला की शोधणाऱ्यांचीच कुस्ती जुंपते. तक्रार करायला पंच नाही. गोकुळात कृष्ण गवळ्यांच्या पोरांबरोबर हेच खेळायचा, अशी इथली श्रद्धा. म्हणजे हा खेळही पूजेतलाच. देवकीही इथे बाळकृष्णासकट उभी आहे. आई-लेकराची अशी मूर्ती फार देवळांत सापडत नाही.

ही आई मूळची इथली नव्हे. चार शतकं मागे, मांडवीच्या काठावर या. 1540 मध्ये तिसवाडीतली देवळं पाडायला सुरुवात झाली आणि चोडण बेटावरच्या देवकीला भक्तांनी आधी मये गावी आणि मग माशेलला आणलं. तेव्हा या भागावर पोर्तुगिजांचा अंमल नव्हता. माशेलसह फोंड्याचा मुलूख त्यांच्याकडे गेला तो 1763 नंतर. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडीसारख्या त्यांनी आधीच जिंकलेल्या भागात, 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने दारातल्या तुळशीवरही बंदी घातली. तिथल्या किती गावांतले असे खेळ देवाबरोबरच उठून गेले असतील!

1950 मध्ये परत या. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट आहे. चार वर्षांपूर्वी मडगावला समाजवादी नेते राममनोहर लोहियांना सभेतून पकडून नेलं. जमाव दिसला की सरकारचे कान टवकारतात, आणि इथे भर मैदानात गावचा गाव लोळतोय. याला काय म्हणून अडवणार? मला वाटतं, हे खेळ टिकले ते याच मेखेमुळे. क्रीडा म्हणून मांडले असते तर त्यांना परवानगी, मैदान, पैसा लागला असता. देवाचा नेम म्हटल्यावर फक्त पाऊस लागतो.

एक गिरकी घ्या आणि आपल्या काळात या. पर्यटन खात्याचे फलक लागलेत. कॅमेरेवाले प्लास्टिक गुंडाळून कडेला उभे आहेत, आणि चिखल त्यांनाही सोडत नाही, याचा मला थोडा आनंदच होतो. मुंबईची पाहुणी पोरं सेल्फीपुरती उतरतात आणि तासभर सापडत नाहीत. या पोरांनी आयुष्यात विटी हातात धरली नसेल. आता चेंडूफळीवरून हमरीतुमरीवर आलीत.

तेवढ्यात पारावरून खाऊ उधळला जातो. लाडू, चकल्या, केळी. तुम्ही झेप घेता, तिघे तुमच्यावर पडतात. मुठीत अर्धी चकली येते. पुसायला पंचा शोधता, तर तो तुमच्याहून चिखलाचा. खा तशीच. दहीहंडी अजून फुटायची आहे, आणि खालच्या थराला माणूस कमी पडतोय.