भुकेने बांधलेले रस्ते : आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सायकलीचा एक दिवस

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातील लुईसबर्ग या छोट्या गावातून सकाळी एखादा सायकलस्वार दक्षिणेकडे निघतो. लीनान गावापर्यंतचे अंतर तीस-बत्तीस किलोमीटर. उजव्या हाताला म्वीलरेचा ८१४ मीटर उंचीचा डोंगर, डावीकडे शेफ्री टेकड्या, मधे डूलॉक नावाचे काळ्याशार पाण्याचे सरोवर आणि शेवटी किलरीची लांबच लांब, अरुंद खाडी. तासन्‌तास एखादीच मोटार भेटते. मेंढ्या मात्र रस्त्यातच बसलेल्या असतात.

पर्यटनाच्या पुस्तकांत या शांततेचे मोठे कौतुक असते. ती आली कुठून, याविषयी मात्र ती पुस्तके फारसे बोलत नाहीत.

१८४१ च्या जनगणनेत एकट्या मेयो परगण्याची लोकसंख्या ३,८८,८८७ होती. दहा वर्षांनी ती २,७४,४९९ वर आली. आज, २०२२ च्या जनगणनेनुसार, ती सुमारे १ लाख ३८ हजार आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी होती त्याच्या निम्मीही नाही. या दऱ्या निसर्गतः निर्जन नव्हत्या. त्या रिकाम्या झाल्या.

त्याआधीच्या पिढ्यांत येथील गरीब कूळ जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर जगत असे. जमीन जमीनदाराची, तुकडा लहान आणि खंड चढा; एवढ्याशा जागेत कुटुंब जगवील असे दुसरे पीक नव्हते. १८४५ मध्ये त्या पिकावर करपा पडला आणि १८४६ मध्ये तर जवळजवळ सर्व पीक सडून गेले. महाराष्ट्रातील बटाटा उत्पादकाला हा रोग आजही याच नावाने ठाऊक आहे. फरक इतकाच की येथील शेतकऱ्याच्या घरात ज्वारी-बाजरी असते. मेयोतील कुळाच्या घरात दुसरे काहीच नव्हते.

लंडनच्या सरकारने यावर जो उपाय योजला तो मराठी माणसाला अपरिचित वाटणार नाही : दुष्काळी कामे. फुकट अन्न दिल्यास लोक आळशी होतील, म्हणून आधी श्रम, मग मजुरी. या सर्व खर्चाची सूत्रे ब्रिटिश अर्थखात्यातील चार्ल्स ट्रेव्हेल्यन या अधिकाऱ्याच्या हाती होती. हा गृहस्थ आपल्याकडच्या इतिहासातही भेटतो. तरुणपणी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, मेकॉलेचा मेहुणा होता आणि पुढे १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन पुन्हा हिंदुस्थानात आला.

कामे बहुतांशी रस्त्यांचीच निघाली. कोणा एका जमीनदाराच्या शेताचा फायदा होईल असे काम हाती घ्यायचे नाही, असा नियम होता. त्यामुळे जमीन सुधारण्याची, पाण्याचा निचरा करण्याची उपयोगी कामे मागे पडली आणि डोंगर फोडून रस्ते करणे हे सर्वांत सोयीचे ठरले. १८४६-४७ चा हिवाळा असाधारण कडक होता. त्या बर्फात अनवाणी पुरुष माती वाहत, बायका आणि मुले खडी फोडत. काम पुष्कळदा उक्ते असे. जितकी खडी फुटेल तितके पैसे. ज्याच्या अंगात ताकद उरलेली नाही त्याची मजुरी कमी, मजुरी कमी म्हणून अन्न कमी आणि अन्न कमी म्हणून दुसऱ्या दिवशी ताकद आणखी कमी. शिवाय पैसे वेळेवर पोहोचत नसत आणि धान्याचे भाव मजुरीच्या कितीतरी पुढे धावत. कामावरच कोसळून लोक मरू लागले. तरीही मार्च १८४७ मध्ये या कामांवर सात लाखांहून अधिक माणसे होती, कारण दुसरा आधारच नव्हता.

मग त्याच महिन्यात सरकारने कामे आवरती घेतली. कितीतरी रस्ते होते तिथेच थांबले. किलरीच्या दक्षिण काठाने जाणारी गवताळलेली वाट त्या काळातील दुष्काळी रस्ता म्हणूनच ओळखली जाते. तिच्या कडेला ओस पडलेल्या वस्तीच्या दगडी भिंती उभ्या आहेत. रस्ता आहे, गाव नाही.

(अशा कामांची परंपरा त्याहून जुनी होती. १८२२ च्या टंचाईत अलेक्झांडर निम्मो या स्कॉटिश अभियंत्याने याच किनाऱ्यावर रस्ते आणि धक्के बांधून घेतले होते, तेही उपाशी मजुरांकडून. कॉनेमाऱ्यात सायकलवर फिरणारा माणूस नकळत त्याच्या आखणीवरून जात असतो.)

लुईसबर्गच्या रस्त्याला दोन वर्षांनंतरचे एक पानही जोडलेले आहे. तोवर मदतीची रीत बदलली होती. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारने काही महिने खिचडीसारखे पातळ सूप वाटले आणि एका टप्प्यावर तीस लाखांवर लोक त्यावर जगले. मग तेही बंद झाले आणि भार गरीब-कायद्याच्या स्थानिक मंडळांवर पडला. पाव एकराहून अधिक जमीन धरणाऱ्याला मदत नाही, अशी अट आली. पोटाला हवे तर जमीन सोडा.

३० मार्च १८४९ रोजी शेकडो भुकेले लोक तपासणीसाठी लुईसबर्गला जमले. त्यांची नावे मदतीच्या यादीत ठेवायची की नाही, हे अधिकारी ठरवणार होते. अधिकारी मात्र तेथे न थांबता डेल्फी लॉज या शिकारीच्या बंगल्याकडे निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तेथे हजर राहा, असा निरोप ठेवला. न आल्यास नाव कमी होणार होते. अंतर सुमारे १९ किलोमीटर. तेव्हा आजचा गुळगुळीत रस्ता नव्हता. सरोवराच्या कडेची वाट, ओढे, चिखल आणि मार्चमधील गारठा. लोक रात्रीतून चालत गेले आणि दुसऱ्या दिवशी परत फिरले. परतीच्या वाटेवर कित्येक जण कोसळले.

किती जण? तेथील वृत्तपत्रात त्याच वर्षी एप्रिलमध्ये छापून आलेल्या पत्रात रस्त्याकडेला सापडलेल्या सात मृतदेहांचा आणि घरी न परतलेल्या आणखी नऊ जणांचा उल्लेख आहे. लोकस्मृती शेकड्यांत बोलते. बंगल्यावर त्यांना काय वागणूक मिळाली, याच्या हकिकतीही एकसारख्या नाहीत. नेमका आकडा आता ठरवता येईल असे दिसत नाही. पण ज्यांची नावे मदतीच्या वहीत असावीत की नसावीत एवढ्यासाठी त्यांना १९ किलोमीटर चालवले गेले, त्यांच्या मरणाची नीट नोंद कोणत्याही वहीत झाली नाही, ही गोष्ट आकड्याच्या वादात हरवता कामा नये.

आज तेथे दगडी स्मारक आहे. त्यावर महात्मा गांधींचे वचन कोरलेले आहे : दुसऱ्याला अपमानित करण्यात माणसाला मान कसा वाटतो, अशा आशयाचे. १९८८ पासून दरवर्षी त्या पायी वाटचालीची आठवण म्हणून लोक येथे चालतात. हिंदुस्थानाशी असलेला आणखी एक धागा त्याहूनही जुना. दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी कलकत्त्यात आयर्लंडसाठी निधी उभा राहिला आणि सुमारे १४,००० पौंड तिकडे गेले. लष्करातील आयरिश शिपायांचाही त्यात वाटा होता.

आणि उलट दिशेचा धागा? १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये हीच खडी, हेच उक्ते काम, हीच हजेरी दिसते. रिचर्ड टेंपलने मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणले, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मेयोतील मजुरांमागे अशी सभा नव्हती.

आजच्या रूपातील सायकलचा जन्म या साऱ्यानंतरचा. हवा भरलेले रबरी टायर १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप या पशुवैद्याने बनवले, आणि खडीच्या रस्त्यावरून हाडे न खिळखिळी होता जाणे शक्य झाले. दुष्काळानंतर चाळीस वर्षांनी सहलीला निघालेल्या सायकलस्वारांना पश्चिम किनारा रिकामाच मिळाला. संपूर्ण बेटाची लोकसंख्या आजही १८४१ च्या ८१ लाखांवर पोहोचलेली नाही.

संध्याकाळी लीनानला पोहोचलेला सायकलस्वार खाडीपलीकडच्या उतारांकडे पाहतो. ऊन तिरपे झाले की हिरव्या गवताखालून समांतर उभ्या रेघा वर येतात. डोंगराच्या पार वरपर्यंत, जेथे आता मेंढ्यांखेरीज कोणी जात नाही. ते १८४५ पूर्वीचे बटाट्याचे वाफे आहेत.